भूकंपात आपली जमीन किती हलते, हे खानदेशात मोजायचं कोणी?

सातपुड्याचा_पायथा (धागाकर्ता)

मंडळी,

दर वेळी तेच होतं. कुठेतरी धक्का बसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमच्याकडे भांडी वाजली का?" सुरू होतं, तासाभरात टीव्हीवर आकडा येतो, अमुक रिश्टर, आणि विषय संपतो. हा आकडा भूकंपाच्या उगमाचा असतो. एका भूकंपाला एकच. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरखाली जमीन किती हलली, पालच्या डोंगरात किती, चोपड्याच्या काळ्या मातीत किती, यातलं काहीही त्यात नसतं. घर मात्र त्याच्या पायाखालची जमीन जशी हलेल तसंच पडतं किंवा टिकतं.

ही हालचाल मोजणारं यंत्र वेगळं असतं. वेधशाळेतला नेहमीचा भूकंपमापक फार नाजूक. जपानात धक्का बसला तर इथे बसून टिपेल, पण मोठा भूकंप शेजारीच झाला की त्याची रेघ कागदाच्या टोकाला आपटते आणि नेमका हवा तो भाग हातचा जातो. त्यासाठी त्वरणलेखक लागतो, इंजिनिअर लोक त्याला अ‍ॅक्सेलरोग्राफ म्हणतात. बारीकसारीक धक्क्यांना तो दाद देत नाही. जमीन जोरात हलली की पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांचं त्वरण सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागापर्यंत लिहून ठेवतो. मोजमाप 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या पटीत.

महाराष्ट्रात याची दोन उदाहरणं आहेत, एक नोंद झाल्याचं आणि एक न झाल्याचं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या गॅलरीत, म्हणजे काँक्रीटच्या पोटातल्या बोगद्यात, असं यंत्र बसवलेलं होतं. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी आणि उभ्या दिशेने ०.३४ जी नोंदवलं. जगभर काँक्रीट धरणांचा अभ्यास करणारे आजही ही नोंद वापरतात. उलट ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला पहाटे चारच्या सुमाराला जे झालं, त्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्या पट्ट्यात असं एकही यंत्र नव्हतं. तिथली जमीन किती जोरात हलली याचे आज जे आकडे सांगतात, ते पडलेल्या घरांवरून आणि गणितावरून काढलेले अंदाज आहेत.

आता आपलं बघा. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात ६.३ च्या आसपासचा भूकंप झालेला आहे. नर्मदा-तापीचा हा पट्टा जुन्या भेगांचा आहे. याच पट्ट्यात पूर्वेला १९९७ ला जबलपूर हललं, पश्चिमेला १९७० ला भडोच. खानदेशाचा बराच भाग २०१६ च्या भूकंप नकाशात तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतो (झोन जितका वरचा, तितका धोका जास्त). तरी आपल्याकडे या यंत्रांची चर्चा कुठे ऐकली आहे का? जाणकारांनी लिहावं.

---

शंकासुर

वाचलं. भीतीचं मार्केटिंग वाटलं. दख्खनचं पठार म्हणजे जगातला एक टणक दगड, तो हिमालयासारखा हलत नाही. १९३८ नंतर आपल्याकडे काय झालं? तापीच्या मेगा रिचार्जवर, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या योजनेवर, असा धागा काढा ना. रावेर-यावलला पाणी पाताळात चाललंय ते खरं संकट. यंत्रं बसवून कंत्राटदार मोठे होतील.

---

सातपुड्याचा_पायथा

शंकासुर, 'टणक दगड' हे १९६७ च्या आधी कोयनेबद्दलही म्हणत होते. कोयनाही बसाल्टवरच आहे, किल्लारीही. मेगा रिचार्जवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

---

गॅलरी_नंबर_दोन

पाटबंधारे खात्यात नोकरी गेली, त्यातली बरीच धरणांवर. म्हणून चार ओळी.

धरणांवर ही यंत्रं बसवायची असतात याला भारतीय मानक आहे, आयएस ४९६७, १९६८ सालचं. म्हणजे कोयनेनंतर लगेचचं. आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात ३० मीटर किंवा त्याहून उंच धरणावर भूकंप नोंदणी केंद्र उभारणं धरणाच्या मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे गिरणा धरण त्यात बसतं. (तालुका नांदगाव, जिल्हा नाशिक, पाणी आपलं. असो.) महाराष्ट्रातल्या धरणांवरच्या भूकंप नोंदींचं काम नाशिकची मेरी बघते, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. पेपरात "मेरीच्या वेधशाळेत नोंद" असं येतं ती हीच.

जुनं यंत्र मी हाताळलेलं आहे, एसएमए-१ म्हणायचे त्याला. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी जाड अ‍ॅल्युमिनियमची पेटी, बोल्टने काँक्रीटच्या चौथऱ्यात आवळलेली. आत ७० मिलिमीटरची फिल्म. एरवी यंत्र झोपलेलं. उभ्या दिशेने ०.०१ जी एवढा धक्का बसला की आतलं स्टार्टर चालू होणार, दिवा लागणार, मोटार फिरणार आणि फिल्म सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने सरकत जाणार. हलणं थांबलं की थोड्या वेळाने परत झोपणार. चाचणी घ्यायची म्हणजे पेटीवर बोटाने ठकठक करायची आणि कान लावून मोटारीची घरघर ऐकायची. पेटीत सिलिका जेलची पुडी असते. निळी असेल तर ठीक, गुलाबी झाली की आत ओल शिरली. गॅलरीत ओल नाही असं होतच नाही, उतरल्या उतरल्या चष्म्यावर वाफ धरते.

यातली खोट अशी की यंत्र जागं होईपर्यंत धक्क्याची सुरुवात निघून गेलेली असते. आणि फिल्मवर खरी वेळ नाही, त्यामुळे दोन धरणांच्या नोंदी एकमेकींना जुळवायच्या म्हणजे डोकेदुखी.

एका धरणावर (नाव घेत नाही) विजेच्या कडकडाटात चार्जर जळाला. बॅटरी हळूहळू उतरली. नवीन चार्जरचा प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर. मध्ये एक मध्यम धक्का येऊन गेला. आम्ही फिल्म धुतली तर कोरी. कोणी कामचुकार नव्हतं हो. वर्षानुवर्षं काहीच न करणाऱ्या यंत्राकडे रोज बघायचं कोणाच्या लक्षात राहतं?

---

बीई_थर्डइयर

काका, मस्त माहिती. आताची डिजिटल यंत्रं कशी असतात?

---

गॅलरी_नंबर_दोन

ती झोपतच नाहीत. सतत मोजत असतात आणि मागचा काही वेळ स्मृतीत ठेवतात, त्यामुळे धक्का ओळखला की त्याच्या आधीचे सेकंदही नोंदीत येतात. वेळ जीपीएसवरून. आतला सेन्सर 'फोर्स बॅलन्स' जातीचा. म्हणजे आतलं वजन सरकायला लागलं की विद्युत बल त्याला जागच्या जागी धरून ठेवतं, आणि धरायला किती बल लागलं त्यावरून त्वरण कळतं. दोन जीपर्यंत सहज मोजतात.

त्याआधीचं एक भारतीय यंत्रही सांगून ठेवतो, कारण ते लोक विसरलेत. रुरकीला १९६० साली जय कृष्ण यांनी भूकंप अभियांत्रिकीची शाळा उभी केली. तिथे 'स्ट्रक्चरल रिस्पॉन्स रेकॉर्डर' तयार झाला. एका पेटीत सहा लोलक, ०.४०, ०.७५ आणि १.२५ सेकंद अशा तीन आवर्तनकाळांचे (एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ), प्रत्येकी दोन वेगवेगळ्या अवमंदनांचे (झोका किती लवकर विझतो ते). प्रत्येक लोलकाची सुई काजळी धरलेल्या काचेवर ओरखडा काढते. वीज नाही, बॅटरी नाही, फिल्म नाही. भूकंपानंतर जायचं, काच काढायची, ओरखडा मोजायचा. २६ जानेवारी २००१ ला कच्छात केंद्राच्या जवळ चालू अवस्थेतला त्वरणलेखक नव्हता, पण अंजारला हा लोलकवाला होता. तिथे जमीन सुमारे ०.५५ जीने हलली असावी, हा आकडा त्या ओरखड्यावरून आलेला आहे.

---

धुळेकर_आरसीसी

स्ट्रक्चरल डिझाइन हाच पोटाचा धंदा, म्हणून थोडं लांबवतो.

कोयनेचं डिझाइन ०.०५ भूकंप गुणांकावर, म्हणजे वजनाच्या पाच टक्के आडवं बल धरून होतं आणि नोंद आली ०.६३ जी, म्हणजे "बारा पट जास्त" असं लोक लिहितात. तसं सरळ भागू नका. डिझाइनमधला गुणांक हे स्थिर धरलेलं बल असतं. नोंदीतलं ते शिखर क्षणाचं असतं, आणि धरणाच्या वस्तुमानाला तेवढ्या क्षणात प्रतिसाद द्यायला वेळही मिळत नाही. तरीही धरणाच्या वरच्या भागाला, जिथे उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या हे खरं. त्या तिथेच का गेल्या, हे नोंद हातात होती म्हणून गणिताने दाखवता आलं. आम्ही वापरतो त्या अबॅकस सॉफ्टवेअरच्या सोबतच्या उदाहरणांत आजही कोयना धरण आहे. नवीन पोरं अमेरिकेत बसून कोयनेला भेगा पाडतात. 😀

आम्हाला नुसतं शिखर नको असतं, सगळी नोंद हवी असते. त्यावरून रिस्पॉन्स स्पेक्ट्रम काढतात. म्हणजे ०.२ सेकंद आवर्तनकाळाचं घर या धक्क्यात किती डोललं असतं, ०.५ चं किती, १ सेकंदाचं किती, असा आलेख. काका म्हणाले त्या पेटीत सहा लोलक का, तर याचसाठी. तो आलेखाचे मोजके बिंदू निसर्गाकडूनच काढून घेतो. भलतंच हुशार डोकं.

आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात (२०१६ ची आवृत्ती) तिसऱ्या झोनचा गुणांक ०.१६ आहे. तो अख्ख्या झोनला एकच. मातीचे प्रकार तीन: खडक किंवा कठीण, मध्यम आणि मऊ. प्रत्यक्षात साइटवर काय होतं? मालक म्हणतो, "लिहा मध्यम."

---

केळीवाला

राम राम मंडळी. मी शेतकरी माणूस, यातलं फार कळत नाही. पण मातीचं निघालं म्हणून बोलतो.

आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात बोअर मारला तर शेकडो फूट नुसता गाळ लागतो. काळी माती, मग पिवळी, मग वाळू, मग गोटा, परत पिवळी चिकण. काळा पाषाण दिसतच नाही. माझे साडू पारोळ्याकडचे, त्यांच्याकडे विहीर खणायला घेतली की लगेच मुरूम आणि खाली पाषाण, सुरुंगाशिवाय काम नाही. मग भूकंप एकच आला तर त्यांचं घर आणि माझं घर सारखंच हलंल का वेगळं? आणि गाळ मऊ म्हणजे धक्का जिरंल ना गादीसारखा?

---

धुळेकर_आरसीसी

दादा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

जिरत नाही, बहुतेकदा वाढतो. ताटात घट्ट लागलेलं दही घ्या आणि ताटाच्या कडेला टिचकी मारा. ताट जेमतेम हलतं, दही थरथरत राहतं. खालच्या खडकातून लाट मऊ गाळात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. वर ती गाळाच्या थरात अडकून वर-खाली परावर्तित होत राहते, म्हणून हलणं जास्त वेळ चालतं.

आणि प्रत्येक थराचा आपला एक ठेका असतो. ढोबळ सूत्र सोपं आहे: थराची जाडी गुणिले चार, भागिले त्यातला आडव्या लाटेचा वेग. समजा ३० मीटर गाळ आणि वेग सेकंदाला ३०० मीटर, तर ठेका ०.४ सेकंद. साधारण चार मजली इमारतीचा ठेका तेवढाच. दोन्ही जुळले की इमारत झोक्यासारखी चढत जाते. ६० मीटर गाळ असेल तर ०.८ सेकंद, मग सात-आठ मजल्यांवाल्यांनी काळजी करायची. तुमच्याकडे तर थर याहूनही जाड, तिथला मुख्य ठेका आणखी लांब असणार. दुमजली घर त्यातून वाचेल असं सरसकट म्हणता येत नाही, कारण वरच्या थरांचे आपापले ठेके असतात. पण सावदा-फैजपूरला आता पाच-सहा मजली उभं राहतंय, तिथे हा हिशोब करायला हवा.

याचं मोठं उदाहरण म्हणजे मेक्सिको सिटी, १९ सप्टेंबर १९८५. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब. शहराजवळच्या खडकावरच्या यंत्रांवर ०.०४ जीच्या आतबाहेर, आणि शहराखालच्या जुन्या तळ्याच्या गाळावर ०.१७ जी, तेही दोन सेकंदांच्या ठेक्यात. मधल्या उंचीच्या इमारती कोसळल्या, हजारो माणसं गेली. दोन्हीकडे यंत्रं होती म्हणून हा फरक कागदावर आला.

इतकं लांब जायचीही गरज नाही. भूजच्या वेळी, म्हणजे काकांनी सांगितलेल्या २००१ च्या कच्छच्या भूकंपात, अहमदाबाद केंद्रापासून अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथल्या पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीच्या तळाशी जी नोंद मिळाली ती फक्त ०.१ जीच्या आसपासची. तेवढ्यात साबरमतीच्या गाळावर उभ्या असलेल्या, खाली पार्किंग आणि वर मजले अशा कितीतरी इमारती बसल्या. सुरतेतही इमारत पडली. आणि सुरतेखाली गाळ कोणाचा? आपल्याच तापीचा.

---

शंकासुर

सुरतेचा मुद्दा मान्य. पैशांचा नाही. सरकार एकेक यंत्र लाखांत घेणार.

---

माहेर_अमळनेर

वाचतेय. प्रश्न: सरकारी जाळं आहे ना देशभर? मग वेगळं कशाला?

---

सातपुड्याचा_पायथा

ताई, आहे. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देशभर दीडशेहून जास्त वेधशाळा चालवतं, पण त्यांचं मुख्य काम भूकंप कुठे, केव्हा, केवढा हे सांगण्याचं. जोरदार हालचाल मोजणारं मोठं जाळं आयआयटी रुरकीने उभारलं, सुमारे ३०० यंत्रांचं. ते साहजिकच हिमालय आणि ईशान्येला झुकलेलं, म्हणजे चौथा-पाचवा झोन आधी आणि तिसऱ्यातली गर्दीची शहरं मग. त्याचं फळही मिळालं. १९९१ ला उत्तरकाशी आणि १९९९ ला चमोली हललं तेव्हा रुरकीच्या आधीच्या यंत्रमालिकांवर चांगल्या नोंदी आल्या. गुजरातने भूजनंतर गांधीनगरला स्वतःची भूकंप संशोधन संस्था काढली, तिचं राज्यभर जाळं आहे.

म्हणजे उत्तरेची आणि ईशान्येची सोय रुरकीने बघितली, पश्चिमेची गुजरातने. तिसऱ्या झोनमधला, मोठं शहर नसलेला, दोन राज्यांच्या कडेचा खानदेश रांगेत शेवटी.

एक हिशोब मांडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून अंदाजे २५ हजार चौरस किलोमीटर. दर २० किलोमीटरला एक यंत्र धरलं तर साठेक लागतील. पण सगळं एकदम कशाला? तापीच्या खोऱ्यात नवापूर ते मुक्ताईनगर दहा-बारा, आणि प्रत्येक गाळावरच्या यंत्राला जोडीदार म्हणून जवळच्या खडकावर एक. जोडी महत्त्वाची. नुसत्या गाळावरच्या नोंदीवरून गाळाने धक्का किती वाढवला हे कळणार नाही, खालून किती आला तेही माहीत हवं.

---

ओसाकाकर_भो

मूळ भुसावळ, सध्या जपान. २० किलोमीटरवरून आठवलं, इथे नेमकं तेच आहे. १७ जानेवारी १९९५ ला कोबे हललं, सहा हजारांवर माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी के-नेट सुरू झालं. देशभर हजारेक केंद्रं, सरासरी २० किलोमीटरवर एक. त्याच्या जोडीला किक-नेट, सुमारे ७००, त्यात एक यंत्र जमिनीवर आणि एक त्याच जागी बोअरच्या तळाशी. पायथाभाऊंची जोडी, पण उभी.

मी पाहिलेलं एक के-नेट केंद्र सरकारी ऑफिसच्या आवारात आहे. कमरेएवढं कुंपण, आत फायबरची छोटीशी पेटी, वर अँटेना. बाजूला सायकलस्टँड. कोणी ढुंकून बघत नाही. पण धक्का बसला की काही मिनिटांत नोंद साइटवर, नाव नोंदवून कोणीही उतरवून घ्यावी. मला यंत्रापेक्षा हे जास्त आवडलं. आपल्याकडे नोंद असली तरी ती कपाटात असते.

अजून एक. ११ मार्च २०११ ला इथल्या त्सुकिदाते गावच्या यंत्राने २.७ जी दाखवलं. सगळ्यांना वाटलं गाव सपाट झालं असणार. तर गावात पडझड फारच कमी! धक्का फार जलद ठेक्याचा होता, घरांच्या ठेक्याशी जुळलाच नाही. म्हणून धुळेकर म्हणतात ते शंभर टक्के, नुसतं शिखर घेऊन काही कळत नाही.

---

बीई_थर्डइयर

प्रत्येक मोबाइलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. त्याने हे काम नाही होणार का? मला फायनल इयरला प्रोजेक्ट हवाच आहे.

---

धुळेकर_आरसीसी

होईल, थोडंफार. मोबाइलमधली चिप अगदी नखाएवढी आणि तिचा स्वतःचा गोंगाट हजारांश जीच्या आसपास. म्हणजे बारीक धक्का तिला दिसणार नाही. पण या धाग्याचा विषयच बारीक धक्के नाहीत! ०.०५ किंवा ०.१ जी असेल तर स्वस्त चिपही ते नीट मोजते. जोरदार हालचालीत स्वस्त सेन्सर चालतो, वेधशाळेच्या कामात चालत नाही. तैवानने याच चिपांची यंत्रं करून शाळाशाळांत बसवली. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ ला मोबाइलवर भूकंप टिपणारं मायशेक अ‍ॅप काढलं, गुगलचा अँड्रॉइडवरचा भूकंप इशारा २०२३ पासून भारतातही आहे.

पण खिशातला फोन कशालाही चिकटलेला नसतो. टेबलावर असेल तर धक्क्यात घसरतो आणि नोंद टेबलाची होते. म्हणून प्रोजेक्ट करायचा तर चिप वेगळी घे, जमिनीला बोल्ट कर, वेळ जीपीएसवरून घे. सेन्सर स्वस्त पडेल, बाकीचंच महाग पडतं: पेटी, वीज, वेळ, नेट, आणि पाच वर्षांनी ते चालू आहे का बघणारा माणूस. काकांनी चार्जरची गोष्ट सांगितलीच आहे.

---

माहेर_अमळनेर

मी शाळेत शिकवते. आमच्याकडे बसवलं तर मुलं रोज बघतील, बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी कळेल. पण इशारा मिळतो का यातून, की नुसती नोंद? पालक पहिलं हेच विचारणार.

---

सातपुड्याचा_पायथा

ताई, भूकंप कुठे होतो त्यावर आहे. सातपुड्यातच पायाखाली झाला तर इशारा जवळपास शून्य, जोराची लाट काही सेकंदांतच पोचते. पण कच्छासारखा लांब झाला तर? भूजच्या केंद्रापासून जळगाव सुमारे ६०० किलोमीटर. जोराने हलवणारी लाट सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरली तरी यायला पावणेतीन मिनिटं लागतात. कच्छातलं यंत्र, सर्व्हर, तुमचा फोन हा प्रवास काही सेकंदांचा. तेवढ्यात अख्खी शाळा मैदानात येते. पालकांना मात्र खरं सांगा, आपल्या अंगणातलं यंत्र मुख्यतः पुढच्या बांधकामासाठी आहे.

---

गॅलरी_नंबर_दोन

शाळेत बसवणार असाल तर जागा नीट निवडा. तळमजला किंवा बाहेरची एकखणी खोली. वरच्या मजल्यावर कधीही नाही, तिथे इमारतीचं डोलणं मोजलं जाईल. उंच टाकीच्या बुंध्याशी नको, टाकी डोलली की जमीनही तिच्याबरोबर हलते. घंटेच्या खांबाजवळ नको. फरशीवर ठेवू नका. फरशी फोडून खाली काँक्रीटचा छोटा चौथरा करा आणि त्याच्या चहूबाजूंनी बोटभर फट सोडा, म्हणजे पोरांच्या उड्या चौथऱ्याला लागणार नाहीत. पेटीवर उत्तरेचा बाण कोरून ठेवा. हसू नका, दिशा लिहिली नाही म्हणून नोंदी वाया गेलेल्या मी पाहिल्यात.

---

केळीवाला

माझ्या मळ्यात जागा द्यायला तयार आहे. मोटारीच्या खोलीत चालंल का? कुलूप आहे, लाईन आहे.

---

गॅलरी_नंबर_दोन

मोटारीच्या खोलीत नको दादा, मोटार चालू झाली की यंत्राला दर वेळी भूकंप. डीपीपासून आणि ट्रॅक्टरच्या रस्त्यापासूनही लांब. शंभरेक मीटरवर बांधावर वेगळी पेटी करू.

---

शंकासुर

आणि लाईट रात्री आठ तास, तीही आली तर. चालवणार कशावर?

---

बीई_थर्डइयर

छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी. पूर्ण सेटअप पाच वॅटच्या आत बसतोय, हिशोब करून टाकतो इथे.

---

सातपुड्याचा_पायथा

तोवर एक काम सगळ्यांना जमेल. ज्यांच्याकडे बोअरच्या नोंदी आहेत त्यांनी गाव, किती फुटांवर काय लागलं, आणि काळा पाषाण लागला असेल तर कितीवर, एवढं इथे लिहा. बोअरवाल्याच्या वहीतला फोटोही चालेल. जोडीचं पहिलं यंत्र कुठे बसवायचं ते त्यावरून ठरवू. केळीवाला दादा, साडूंच्या विहिरीचंही विचारा, खडकावरची जागा आपल्याला पारोळ्याकडेच लागणार आहे.

---

केळीवाला

साडूंना फोन केला. ते म्हणतात जागा देतो, पण उत्तरेचा बाण काकांनी स्वतः येऊन काढायचा, आणि जेवून जायचं.